मागच्या खोलीतली घंटी

पडद्यांच्या दुकानात उभं राहून त्याचं अर्धं आयुष्य गेलं. ‘हो ताई, दुसरा दाखवतो ताई’ यापलीकडे त्याच्या तोंडून कुणी काही ऐकलं नव्हतं. पण वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या की तो घराच्या दर्शनी भिंतीवर दिव्यांच्या माळा सोडायचा, फोनवरून त्या गाण्याच्या तालावर नाचवायचा, आणि गल्ली त्याला झगमगराव म्हणायची. तेवढे दिवस तो माणसांत जमा व्हायचा.

मागच्या वर्षी मात्र पुरती फजिती झाली. ऐन गर्दीत वायफाय गचकलं. अर्धी भिंत लाल, अर्धी आंधळी. समोरचा दातांचा डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाला, “झगमगराव, तुमचे दिवे तोतरे बोलतात हो!” गल्ली पोट धरधरून हसली. ते हसू त्याला वर्षभर कुसळासारखं टोचत राहिलं.

यंदा त्याने मधल्या खोलीतला राउटर उचलून थेट पुढच्या खिडकीत आणला. दिवे शहाण्यासारखे वागायला लागले, पण मागच्या खोलीत आईची घंटी मुकी झाली. खुब्याचं हाड मोडल्यापासून म्हातारी खाटेला खिळलेली. उशाशी एक बटण होतं. ते दाबलं की वायफायवरून त्याचा फोन वाजायचा. मग त्याने रेंज वाढवणारा एक छोटा डबा आणून तिच्या खोलीत लावला.

“हे काय आणखी?”

“तुझी घंटी वाजावी म्हणून.”

“वाजून तरी कुठं येतोस? आले मोठे दिवे लावणारे.”

पहिल्या संध्याकाळी गल्ली लोटली. गाणं सुरू झालं आणि छपराकडची माळ अडखळली. समोर डॉक्टरचं तोंड हसायला उघडलंच होतं. तो धावत मागे गेला आणि भिंतीतला डबा उपटला.

“अरे, ते कशाला नेतोस?”

“घटकाभर. लगेच आणतो.”

डबा व्हरांड्यात लागला आणि भिंत पाण्यासारखी वाहू लागली. टाळ्या पडल्या. डॉक्टरनेही वाजवल्या. त्याचा ऊर भरून आला. बायको कानाशी लागली, “आईंकडे कुणी आहे का?”

“घंटी आहे की,” दिव्यांवरची नजर न काढता तो म्हणाला.

गर्दी पांगल्यावर तो आत गेला. म्हातारी खाट आणि दार यांच्या मधे जमिनीवर पडली होती. लुगडं ओलं. मुठीत बटण.

“किती दाबलं रे. अंगठा सुजला.”

“रेंज नव्हती, आई.”

“बाहेर होती?”

त्याने तिला उचलून खाटेवर घातलं आणि तो फरशी पुसायला बसला. बायको दारात उभी होती. तिला डबा कुठे गेला ते कळलं.

“दुसरा आणा उद्या.”

“सुट्टीत दुकानं उघडी आहेत का? आणि उद्या पलीकडची गल्ली बघायला येणार आहे. तू बस आईजवळ.”

“मी? माझ्या ऑफिसातल्या बायका येणार आहेत. मी काय मागच्या खोलीत तोंड लपवून बसू?”

दुसऱ्या दिवशी तिनेच सासूच्या उशाशी एक स्टीलची ताटली आणि चमचा ठेवला. “काही लागलं तर वाजवा हं.”

“भीक मागायला बसवलंत की गं मला,” म्हातारी म्हणाली.

संध्याकाळी माणसं फाटकापर्यंत दाटली. दिवे एकदाही अडखळले नाहीत. एक गाणं संपून दुसरं लागायच्या मधल्या शांततेत घराच्या आतून आवाज आला: टण, टण, टण. बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

“वा!” डॉक्टर ओरडला. “यंदा घंटेचा आवाजही घातलात?”

“हो,” झगमगराव म्हणाला. “यंदाचं नवीन आहे.”

आणि त्याने फोनवर अंगठा टेकवून गाण्याचा आवाज वाढवला.