उपरण्याखालचा सौदा

तोंडाने केलेला व्यवहार हा व्यवहारच नव्हे, असे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकी त्याच्याशीच व्यवहार करण्याची पाळी माझ्यावर आली. ते मलकापुरातले आडते, आणि आडत व्यापाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, बाजारात उघड लिलाव होऊ लागले होते. पण हे गृहस्थ सौदा करायचे तो जुन्या रिवाजाने, उपरण्याखाली हात घालून. एक बोट दाबले तर एक, दोन दाबली तर दोन, अख्खा पंजा दाबला तर पाच. घरी भाजीचा बेतही ते असाच ठरवतात अशी वदंता होती. माझा विश्वास नव्हता. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर पानात पाच भाज्या आणि काकू पंजा चोळत बसलेल्या.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर आणि स्काउट पथकाचा प्रमुख होतो. माझी पात्रता एवढीच, की साऱ्या शिक्षकांत खाकी अर्धी विजार माझ्याकडेच होती. मला एकच गाठ येत असे आणि ती सुटत नसे. बुलढाण्याचा जिल्हा मेळावा तोंडावर आला, तेव्हा खर्च उचलणारी एखादी पालक संस्था असल्याशिवाय पथकाला प्रवेश नाही, असे कळले. हेडमास्तर म्हणाले, "शनिवारपर्यंत पालक आणा, नाहीतर पथक बंद." पोरांनी शिट्ट्यासुद्धा घेऊन ठेवल्या होत्या. शुक्रवारी मी आडत्यांची गादी गाठली.

गादीसमोर टाचा जुळवून सलाम ठोकला, पथकाला पालक हवा म्हणून सांगितले आणि स्काउटांच्या रीतीप्रमाणे डावा हात पुढे केला. त्यांनी त्या हाताकडे पाहिले. मग खांद्यावरचे उपरणे त्यावर टाकून खाली आपला हात घातला. दुकानातले हमाल पोती खाली ठेवून बघू लागले. मला गुदगुल्या फार होतात. त्यांनी माझे एक बोट दाबताच मी हसू आवरण्यासाठी त्यांचा पंजाच गच्च धरला.

"वा मास्तर!" उपरणे झटकत ते म्हणाले. "मी एक साल मागून राह्यलो, अन् तुमी पाच देऊन बसले! पक्कं!"

"काय पक्कं?"

"पथक मंडळाचं झालं. पन पाच साल तुमाले मलकापूर सोडता येनार नाही. दर साली नवा मास्तर आला त पोट्टे शिकतीन काय?"

माझा नागपूरच्या बदलीचा अर्ज मंजुरीच्या वाटेवर होता. बायकोने लोणच्याच्या बरण्या बांधून ठेवल्या होत्या. मी तोंड उघडले. पण शनिवार उद्यावर होता. मिटले.

"गुदगुल्यांपायी कोणी पाच वर्षं देतं का हो?" बायकोने विचारले आणि बरण्या सोडल्या.

पालकत्वही त्यांनी मालासारखेच सांभाळले. तंबू दिले ते बारदानाचे, जुनी गोणपाटे शिवून केलेले. पोरे रात्रभर अंग खाजवत आणि सकाळी प्रत्येकाच्या पाठीवर कुठल्या ना कुठल्या पेढीचा छाप उमटलेला असे. मेळाव्याला निघताना ते एकेकाला दुकानातल्या काट्यावर तोलत, परतल्यावर पुन्हा. घट आली की जाब मला. "मास्तर, हा पोट्टा काऊन घटला? वाटेत सांडला काय?" मग भरपाई म्हणून त्याला गूळ-शेंगदाणे. तेव्हापासून पोरे परतीच्या दिवशी उपाशी राहू लागली. पालक संस्थेचा नेमका वाटा काय, असे एका अधिकाऱ्याने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "माल आमचा नाही साहेब, पन तोल आमचा."

तिसऱ्या साली कापूस बुडाला. मंडळातले व्यापारी म्हणाले, आता पथक पुरे. "तुमी सोडा ना," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "हात मंडळाचा नव्हता, माहा होता." पुढले सारे त्यांनी एकट्याने केले आणि पाटी मात्र मंडळाचीच राहू दिली.

पाच वर्षे सरली. बदलीचा हुकूम आला. एव्हाना मला तीन गाठी येत होत्या. निरोप घ्यायला गेलो, तर ते कापसाचा पुंजका बोटांत ओढून तंतूची लांबी पाहत होते.

"नवा मास्तर बरा हाय?"

"बरा आहे."

"मंग झालं. सौदा पुरा झाला मास्तर, तुमी मोकळे."

चहा आला. मी तो फार हळू प्यालो. ते दुसरा पुंजका ओढून पाहू लागले. त्या दिवशी त्यांनी आणखी एक साल मागितले असते, तर मी दिले असते. पण ठरल्यापेक्षा जास्त मागायची त्यांना सवय नव्हती, आणि न मागता द्यायची मला.