तेवीस नंबरचा भोपळा

फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका गृहस्थांना, त्यांच्या पश्चात कुटुंबाला काय काय मिळेल, ते समजावून सांगत होतो. विमा कंपनीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हे बोलणं सहज येतं, चहा सांगावा तसं. फोन आतेभाऊ प्रकाशचा होता, तामसीकडच्या आमच्या गावाहून. "विनूदादा, आई गेली," तो म्हणाला. दिवसभर मरणाच्या गोष्टी करणाऱ्या मला त्यावर एकच शब्द सुचला, "विहिरीत?" पलीकडून प्रकाश म्हणाला, "नाई रे… खुर्चीत. शेंगा सोलून राह्यली होती. मी सुपडं आणाले आत गेलो अन् बाहेर येतो तं मान कलली होती." शकूआत्या खुर्चीत बसून गेली, कोरड्या जागी, उन्हात. मला ते कितीतरी वेळ खरंच वाटेना. ती जाणारच असेल तर पाण्यातून जाईल, असं आम्हा सगळ्या भावंडांचं लहानपणापासून ठरलेलं होतं.

आत्या मराठी शाळेत मास्तरीण होती. तिसरीला मी तिच्याच वर्गात होतो, हजेरीपटावर तेवीस नंबर. घरी ती आत्या आणि शाळेत बाई. एकदा भर वर्गात तोंडून "आत्या, पाणी प्याले जाऊ?" असं निघून गेलं आणि तासभर बाकावर उभं राहावं लागलं. रविवारी मात्र तिची दुसरी शाळा भरायची, आमच्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला धरून पाण्यात सोडायचं आणि पोराने हातपाय झाडायचे, एवढाच अभ्यासक्रम. गावातली निम्मी पोरं तिच्या भोपळ्यावर पोहायला शिकली. तिची शिकवण एकच होती: "पाण्याखाली गेलं की श्वास कोंडाचा. तोंड उघडलं की कारभार आटोपला!" कुणाची कळशी पडो, बादली पडो, मोटरचा पाना पडो, लोक आधी बाईंना बोलवायचे. पदर खोचून ती आत जायची आणि वर सगळे श्वास रोखून उभे राहायचे. बऱ्याच वेळाने कळशी आधी दिसायची आणि तिच्यामागून आत्या.

तिच्या या शाळेत नापास झालेला विद्यार्थी एकच, तो म्हणजे प्रस्तुत लेखक. सात वर्षांचा होतो. भोपळ्याची दोरी सुटली, भोपळा एकीकडे गेला आणि मी दुसरीकडे. दुसरीकडे म्हणजे खाली. आत्याने उडी मारून मला केसांना धरून वर काढलं, उलटा करून पाणी काढलं, गूळ दिला. त्यानंतर मी बादलीपेक्षा खोल पाण्याशी संबंध ठेवला नाही. बायको तर म्हणते, तुम्ही विम्यात गेलात तेही त्यातूनच. असेल.

आत्या निवृत्त झाल्याला आठेक वर्षं झाली तेव्हा सगळ्यांनी तिला कुठल्या ना कुठल्या देवाला जायला सुचवलं. तिने एका भाच्याच्या मोबाइलवर समुद्राच्या तळाचा एक व्हिडिओ पाहिला होता. ती म्हणाली, "मले अंदमानले जाचं हाये." का, असं विचारल्यावर तिने जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. "जलमभर तळाले गेली मी. पण तळ कवा पाह्यला नाई. विहिरीत खाली गेलं की अंधारच. हातानं चाचपाचं, गाळात बोटं घालाची, कळशी लागली की वर. आता एकडाव तळ डोयानं पाहू दे." कापूस वेचणीला आलेला, म्हणून प्रकाशला हलता येईना. तेव्हा सोबत म्हणून माझं नाव निघालं. बायको हसून हसून खाली बसली. "तुमी? समुद्रात? काऊन पण?"

आदिलाबादहून बसने हैदराबाद, तिथून विमान, पुढे मोठी बोट, असं करत आम्ही हॅवलॉक बेटावर पोचलो. बुडी मारायला शिकवणारा डॅनियल नावाचा पन्नाशीतला माणूस होता, सावळा, शांत, कमी बोलणारा. पोहता येत नसलं तरी चालतं, मी तुम्हाला धरून नेतो, असं तो म्हणाला आणि माझी शेवटची पळवाट बंद झाली. पहिला सराव छातीभर पाण्यात. पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काच, तोंडात रबरी नळी. भीतीने माझा श्वास असा काही धपापत होता की डॅनियल खूश झाला. "देखो, अंकल कितना अच्छा साँस ले रहे हैं!" पन्नास वर्षांच्या आयुष्यात पाण्यात झालेली ही माझी पहिली स्तुती.

आत्या मात्र पाण्याखाली गेली आणि दगडासारखी स्थिर बसली. बुडबुडा म्हणून नाही. डॅनियल घाबरला, त्याने तिला ओढून उभं केलं. "आंटी, बबल किधर है? साँस क्यों रोका?" आत्याने तोंडातली नळी काढली आणि अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. "दीड मिनिट झालं असंन नाई?" तिला वाटलं, शाबासकी मिळेल. डॅनियलने मग नीट समजावून सांगितलं. टाकीतली हवा घेऊन बुडायचं तर श्वास कधीच अडवायचा नाही. खालून वर येताना छातीत कोंडलेली हवा फुगत जाते आणि फुप्फुसाला इजा होते. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पाण्याने कपाळ झाकलं की तिची छाती आपोआप कुलूप लावायची. पन्नास वर्षांची सवय होती ती. डॅनियलने हात जोडले. "आंटी, कल सुबह एक बार और देखेंगे. साँस रोका, तो मैं नीचे नहीं ले जाऊँगा." परवा आमची परतीची बोट होती.

त्या दुपारी आत्या खोलीबाहेरच्या ओट्यावर बसून राहिली. समोर तो निळा समुद्र आणि ती मात्र पायाच्या नखांकडे पाहत होती. म्हणाली, "मीच शिकवलं सगळ्याईले श्वास कोंडा म्हणून. आता मलेच सोडता येऊन नाई राह्यला…" मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बाई, हजेरी घेताना तुम्ही कुठं श्वास कोंडत होता?" का म्हणालो, कुणास ठाऊक. 'बाई' हा शब्दही चाळीसेक वर्षांनी तोंडात आला. तिने माझ्याकडे पाहिलं, मांडी घातली आणि सुरू केलं. "एक, अनसूया." थांबली. "दोन, अंबादास." थांबली. "तीन, बापूराव. चार, भीमबाई." तीस वर्षं अशीच तर ती रोज सकाळी श्वास घेत आली होती. नाव घेताना श्वास बाहेर आणि पोर 'हजर' म्हणेपर्यंत आत. आमच्या वर्गाची एकतीस नावं, सगळी पाठ. पहिल्यांदा ओट्यावर, मग बादलीत तोंड बुडवून. बादलीतून 'बुडुबुडु' असा बापूराव निघाला तेव्हा आम्ही दोघंही इतके हसलो की शेजारच्या खोलीतलं नवीन लग्नाचं जोडपं बाहेर येऊन पाहून गेलं.

सकाळी डॅनियलने तिला पाण्याखाली बसवलं. बुडबुड्यांचा एक घोस वर आला. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा… अगदी शाळेच्या लयीत. त्याने बोटांचं वर्तुळ करून मला खूण केली, पास!

बोटीने आम्ही प्रवाळाच्या जागी गेलो. बोटीला शिडी लावलेली होती. आधी मी उतरायचं ठरलं होतं, आत्याच्या सोबतीला. मी दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला, खाली पाहिलं… पाणी इतकं स्वच्छ होतं की किती खोल आहे ते सरळ दिसत होतं. आणि माझ्या पाठीवरून कधीकाळची ती दोरी पुन्हा सुटली. मी वर आलो. डॅनियलने खूप समजावलं, पण काल ज्याचं कौतुक झालं होतं तो विद्यार्थी फळीला घट्ट धरून बसला होता. आत्याने नळी तोंडात धरली आणि ती शिडी उतरून गेली.

मी वरून बुडबुडे पाहत राहिलो. ते कुणाकुणाच्या नावाचे, हे त्या बोटीत फक्त मलाच ठाऊक होतं. मी मोजत होतो. तेविसावा घोस वर येऊन फुटला तेव्हा मी हळूच 'हजर' म्हणालो. खिडकीबाहेर उभं राहून हजेरी लावणारी पोरं असतात, त्यातला प्रकार.

ती वर आली तेव्हा चेहऱ्यावर काचेचा वळ उमटलेला होता आणि डोळे तिसरीतल्या पोरीचे होते. "तळ दिसला रे विन्या! लख्ख! पराटीचं बोंड फुटल्यावानी पांढरं, त्याच्या बाजूले फुलकोबीसारखं, अन् एक तं असं आकरोटावानी सुरकुत्याचं. मासे दगडाले कुरुमकुरुम खाऊन राह्यले, त्याचा आवाज येते, आयकू येते!" मग जरा दम खाऊन म्हणाली, "तो डॅनियल हात लावू देत नाई पण. गंमतच हाये… विहिरीचा तळ निसता हातानं, अन् हा निसता डोयानं." प्रवाळाचा एक पट्टा मरून पांढराफटक पडला होता, तेही तिने पाहिलं. पण तिथेच डॅनियलच्या लोकांनी लोखंडी जाळीवर जिवंत तुकडे बांधून ठेवले होते आणि त्यांना बोटभर नवं फुटलं होतं. गावी आल्यावर ती तळाच्या गोष्टी सांगायची तेव्हा शेवट नेहमी त्या बोटभर फुटव्यावर करायची.

हे सगळं सांगून झाल्यावर तिने ओल्या हाताने माझा कान धरला. "तेवीस नंबर?" मी खाली पाहिलं. "गैरहजर," तीच म्हणाली. मला वाटलं, आता थट्टा होईल. मी तर त्याची तयारीच करत होतो, कारण आपणच आधी हसलं की दुसऱ्याचं हसणं लागत नाही, हा माझा जुना विमा. पण ती समुद्राकडे पाहत म्हणाली, "चूक तुही नाई. तवा गाठ माहीच सुटली होती. मीच बांधली होती ना…" एवढ्या वर्षांत या गोष्टीवर ती पहिल्यांदाच बोलली. मी ती गोष्ट लग्नकार्यात रंगवून सांगायचो, लोक हसायचे, आत्याही हसायची. ती कशावर पांघरूण घालून हसत होती, हे मला त्या बोटीत कळलं.

संक्रांतीला भेटलो ती शेवटची भेट. तिळगूळ देताना म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात जाऊ पुन्ना. पह्यले विहीर, मंग समुद्र." मी "हो, हो" म्हणालो. ऑफिसात लोक मला म्हणतात ना, "पाहू, पुढच्या महिन्यात," अगदी तसं.

चौदावं झाल्यावर मी निघालो तर प्रकाश म्हणाला, "थांब, तुही एक वस्तू राह्यली." चुलीवरच्या आढ्याला टांगलेला भोपळा त्याने काढून आणला. चांगला घागरीएवढा, धुराने तांबूस झालेला, ठणठणीत वाळलेला. त्यावर '२३' लिहिलेलं होतं. "वेलावर कवळा असतानीच आईनं नखानं कोरलं. मी म्हटलं, कायले व आई? तं म्हणे, हा विकाचा नाई, कोणाले द्याचा नाई." कोवळ्या सालीवरचं नखाएवढं ते कोरणं भोपळ्याबरोबर वाढत गेलं होतं, आता आकडे अंगठ्याएवढे रुंद झाले होते. आणि दोरी नव्हती. खाटेची रुंद नवार होती, भोपळ्याभोवती दोनदा फिरवून मोठ्या सुईने जागच्या जागी शिवलेली, टाक्यावर टाका, टाक्यावर टाका.

तेव्हापासून दर रविवारी मी तामसीची बस धरतो. विहिरीला सतरा पायऱ्या आहेत, त्यातल्या नऊ पाण्याखाली. पहिल्या रविवारी मी एक उतरलो. प्रकाश वर बसून म्हणाला, "दादा, या हिशोबानं अंदमानले तू साठीत पोचशीन." चार रविवार झाले, सध्या मी पाण्यातल्या चौथ्या पायरीवर आहे, पाणी छातीला लागतं. भोपळा पाठीवर असतो, आणि मी हजेरी घेतो. अनसूया, अंबादास, बापूराव, भीमबाई… मधली काही नावं चुकतात, ती प्रकाश वरून सांगतो. तोही तिचाच विद्यार्थी. तेविसावं नाव आलं की मी पायरीवरचे पाय सोडतो. परवा दोन श्वासांपुरते सोडले. शरीर खाली जायला लागलं, आणि खांद्यावर नवार ताणली गेली. टाका एकही हलला नाही.