घमेलंभर खडे

तामलवाडीच्या शाळेत बलभीम सरांनी सव्वीस वर्षं खो-खो शिकवला. त्यांचा एक शिरस्ता होता. सरावाआधी प्रत्येकानं मैदानातले घमेलंभर खडे वेचायचे आणि मगच अनवाणी उतरायचं. सरपंचाचा मुलगा असला तरी घमेलं चुकत नसे.

युरोपातल्या एका खो-खो क्लबनं सरांच्या संघातल्या मुलींचा खेळ मोबाइलवर पाहिला आणि सरांना महिनाभर शिकवायला बोलावलं. परदेशातून गुरू म्हणून असं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. सरांनी व्हिसाच्या अर्जाला सातबारा, पगारपत्रक, शाळेचा दाखला, सगळं जोडलं आणि मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. परत कशावरून याल, अशी खिडकीपलीकडून विचारणा झाली.

"पोरींना मैदानात बसवून आलोय," सर म्हणाले. "मी आल्याबिगर उठायच्या न्हाईत."

पाचव्या आठवड्यात नकार आला. परतण्याचा हेतू पटला नाही, एवढंच कारण. चहाच्या टपरीवाल्या लिंबाजीनं चिमटा काढला, "सर, तुम्ही तिकडंच पळून जाताल म्हणं. त्यांनी तुमचे गुडघे बघितले न्हाईत वाटतं." सर हसले खरे, पण चार दिवस त्यांनी शिट्टी गळ्यात घातली नाही.

संघाची कर्णधार शिवांजली म्हणाली, आणखी कागद जोडून पुन्हा अर्ज करू. सरांनी नकारार्थी मान हलवली. तिच्याकडूनच क्लबला पत्र लिहून घेतलं: मला येऊ देत नाहीत, शिकायचं असेल तर तुम्ही या.

क्लबचे बाराजण आले. त्यांना घरबसल्या तीन दिवसांत व्हिसा मिळाला होता. परत कशावरून जाल, हे कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या सकाळी क्लबचा प्रमुख भारी बूट घालून थेट खुंटापाशी गेला. सरांनी त्याच्यापुढं घमेलं ठेवलं.

"सर, पाहुणे हायेत," शिवांजली कुजबुजली.

"सांग त्यांना."

तिनं सांगितलं. प्रमुखानं बूट काढले आणि तो वाकला. पाठोपाठ अकराजण वाकले. महिनाभर रोज वाकले.

निघताना प्रमुख म्हणाला, आमच्या मंत्र्यांशी माझी ओळख आहे, पुढच्या वर्षी तुमचा व्हिसा मी करून घेतो.

सर शिवांजलीकडं वळले. "म्हणावं, ह्या मैदानात ओळखीनं कुणी उतरत न्हाई. मीबी तुमच्याकडं ओळखीनं येणार न्हाई. माझ्या पोरी खेळायला निघतील, तेव्हा तुमच्या लोकांना व्हिसाला लागतात तेवढेच दिवस त्यांनाबी लागू द्या. तेवढं मंत्र्यांना सांगा."

प्रमुखानं वही काढून ते लिहून घेतलं. सरांनी शिट्टी वाजवली, आणि मुली घमेली घेऊन खडे वेचायला वाकल्या.