गियर पडला आणि आबा उतरले

मला गाडीतलं काहीही कळत नाही, हे माझ्या बायकोने धुळ्याच्या मेकॅनिकला आधीच सांगून ठेवायला हवं होतं.

मी एक जुनी, पण जोरकस इंजिनाची ऑटोमॅटिक गाडी घेतली. लालभडक, मागे छोटासा पंख! गियर इतके मऊ बदलायचे की कळायचंच नाही. माझी तक्रार तीच होती. शर्यतीची म्हणून गाडी घ्यायची आणि आत बसून पाळण्यात झोपल्यासारखं वाटायचं? शेवटी जळगावहून तडक धुळ्याला एका वस्तादांकडे गेलो.

"गियरबॉक्समधल्या स्प्रिंगा कडक टाकतो, तेलाचा दाब वाढवतो," ते म्हणाले. "गियर खटकन पडेल. पण साहेब, घरच्यांना चालेल ना?"

"घरच्यांना काय कळतंय!"

परतताना गियर पडला की पाठीत कुणीतरी शाबासकीची थाप मारल्यासारखं व्हायचं. गाडीत मी एकटाच हसत होतो.

रविवारी मेव्हणीच्या लग्नाची बोलणी करायला अमळनेरला निघालो. पुढे माझ्या शेजारी वैशाली (बायको), मागे कडक इस्त्रीची टोपी घातलेले आबा (सासरे). शहराबाहेर मी पाय दाबला. खट्! आबांची टोपी उडून मागच्या काचेपाशी.

"मांगून कोन्ही ठोकं का हो, जावईबापू?"

"खड्डा होता, आबा." (रस्ता नवाकोरा होता. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी आरशात पाहिलं.)

खट्!

"आखो ठोकं!" आबांनी परत मागे वळून पाहिलं.

धरणगाव सोडलं आणि नेमकी एक पिकअप आमच्या मागे लागली. खट्!

"थांबाडा गाडी!" आबा गरजले आणि उतरलेच. त्यांनी अडवलेल्या पिकअपमधून एक भरघोस मिशांचे गृहस्थ उतरले.

"तुले डोया शेतस का नई?" आबांनी त्यांच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं.

"मी तं वीस हात मांगे व्हतू!"

"मंग हाई काय शे?" आबांनी आमच्या मागच्या बंपरवरचा पोचा दाखवला. (तो मी आमच्याच गेटला ठोकून पाडलेला.)

खरं सांगायची हीच वेळ होती. मी तोंडही उघडलं. तेवढ्यात आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं, "मना जवाई साक्षीदार शे!"

आणि साक्षीदाराने मान डोलावली.

"शोभतं का हे?" गाडीत बसल्यावर वैशाली एवढंच म्हणाली. मी उरलेला रस्ता बैलगाडीच्या वेगाने काटला.

अमळनेरला पाहुण्यांकडे चहा आला, आणि चहापाठोपाठ नवऱ्या मुलाचे काका आले. भरघोस मिशा! दारात पिकअप!

आबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. काका दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, "यासले मी वयखस."

काकांनी आम्हाला बरोबर ओळखलं होतं. मेव्हणीचं लग्न माझ्या गियरबॉक्सात अडकलं होतं!

"बोला आता, साक्षीदार!" वैशालीने मला कोपर मारलं.

मग मी सगळं ओकलो. स्प्रिंगा, तेलाचा दाब, धुळे, आमचं गेट.

आबांना पटेना. "म्हन्जे चांगली गाडी तुम्ही मुद्दाम बिघाडी?"

काकांना तर मुळीच पटेना. "दखाडा मंग!" म्हणत ते थेट गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. शेजारी आबा. मी रस्त्यावर आलो, पाय दाबला. खट्!

काका गर्रकन मागे वळले, "कोन शे रे तो?"

मागे कुत्रंसुद्धा नव्हतं. आधी आबा हसले, मग काका. परत आले ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकूनच. आबांनी माफी मागितली, काकांनी त्यांची टोपी सरळ केली.

लग्न जमलं. वरपक्षाची अट एकच होती, आणि आबांनी माझ्याकडे न बघता ती तत्काळ मान्य केली: नवरी एक वेळ काकांच्या पिकअपमध्ये उभी राहून सासरी येईल, पण मोठ्या जावयाच्या गाडीतून येणार नाही!