तिकीटवाले उतरा, पासवाले बसा

पाळणे अजून टांगलेले नसायचे, तेव्हाचा तो आकाशपाळणा मला सगळ्यात जास्त आठवतो… दसऱ्याच्या आधीच्या पिवळ्या उन्हात, हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनाच्या मैदानावर उभा, नुसत्या कड्यांचा आणि आऱ्यांचा, आणि त्यातून पलीकडचं आभाळ तुकड्या-तुकड्यांनी दिसणारा. साखऱ्याहून सेनगावमार्गे हिंगोलीला येणाऱ्या एसटीच्या खिडकीतून तो दिसला, की मी आईचा पदर ओढायचे. आई पाहायची, ‘आला व्हय’ म्हणायची आणि पुन्हा मांडीवरची पिशवी सावरायची. बाहेर हायब्रिड ज्वारीच्या कापणीचा कोरडा वास असायचा, आत डिझेलचा आणि घामाचा. आणि त्या वासांमध्ये कुठून तरी ताज्या ऑइलपेंटचा वास मिसळायचा — तो पाळण्याचा. दरवर्षी त्याला नवा रंग देत. रंग नवा, गंज जुना.

मला पाळण्यात बसायला आवडतं. केस पिकू लागल्यावर बाईनं असं लिहिणं जरा विचित्र दिसतं, पण आहे हे असं आहे. नोकरीसाठी शहरात आल्यावर दोन हजार सालानंतरच्या वर्षांत मी महामार्गालगतचं मोठं करमणूक उद्यान पाहिलं. तिथं मनगटाला कागदी पट्टी बांधतात, हातात नकाशा देतात आणि ध्वनिक्षेपकावरून एक गोड आवाज दिवसभर तुम्हाला आनंद घ्यायला सांगत राहतो. जास्त पैसे भरले तर वेगळी पट्टी मिळते आणि वेगळ्या वाटेनं पुढे जाता येतं. रांगेत तासभर उभं राहून वर गेलेला माणूस आणि पट्टी दाखवून गेलेला माणूस शेजारी-शेजारी बसतात, एकाच वेळी किंचाळतात, एकाच वेळी उतरतात. मग त्या पट्टीनं नेमकं काय जास्त मिळालं, हे मला आजवर कळलेलं नाही. तिथल्या खुर्च्या फायबरच्या, पट्टे घट्ट, सगळं सुरक्षित आणि सगळं ठरलेलं. हिंगोलीच्या पाळण्यात काहीच ठरलेलं नसे. किती फेरे, हे पाळणेवाल्याच्या मर्जीवर — रांग मोठी असली की लवकर उतरवायचा, रांग नसली की फिरवत राहायचा. आणि बसायची खरी वेळ दिवेलागणीच्या थोडी आधीची, दिवे लागायच्या बेतात असताना. कारण एकदा दिवे लागले, की वरून फक्त दिवेच दिसतात, गाव दिसत नाही.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशी मात्र पाळणा फिरायचा नाही. मांडव, फेटे, हार, भाषणं… रांगेतली लेकरं उन्हात उभी. शेवटी प्रमुख पाहुणे सगळ्यात खालच्या पाळण्यात बसायचे, फोटो निघायचा, आणि पाळणा तसूभर न हलता ते उतरायचे. मला बरीच वर्षं वाटे, की मोठी माणसं पाळण्यात अशीच बसतात.

मी सांगणार आहे ती गोष्ट माझ्या आत्याची आहे. शेवंताआत्या ही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमच्याकडे थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं होती, आणि मेंढरांमागे रानात जायची ती आत्या. लांब टांगा टाकत चालायची, मोठ्यानं हसायची. दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यांना तिची चाल पसंत पडली नाही. दुसऱ्यांनी विचारलं, मुलीला काय काय करता येतं. तिनं सगळं सांगून झाल्यावर विचारलं, ‘आन् पोराला?’ त्यानंतर वर्षभर कुणी फिरकलं नाही. मग लांबच्या एका गावचा बिजवर सांगून आला. पदरी दोन मुलं, वय आबांपेक्षा जास्त. कनेरगाव नाक्याचं जे एक स्थळ मधल्या काळात कुणी तरी सुचवलं होतं, ते जुळलं तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर बिजवर — हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, पण मलासुद्धा माहीत होतं.

नाक्याच्या लोकांचा रस्त्यावर ढाबा होता. मेंढरं त्यांनी कधीच विकली होती आणि तेव्हापासून ते स्वतःला सुधारलेले समजत. मुलाच्या चुलत्यांनी निरोप धाडला, की आता घरी येऊन पोहे खायचा जमाना गेला, मुलगी प्रदर्शनातच दाखवा. म्हणून त्या वर्षी, खंडेनवमीच्या पूजेच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, आम्ही सगळे नवे कपडे घालून आकाशपाळण्यासमोर उभे होतो. पाळण्याच्या इंजिनाला झेंडूची माळ होती, चाकाखाली लिंबं होती, फोडलेल्या नारळाचं पाणी मातीत अजून ओलं होतं. हळदीकुंकवाची बोटं लोखंडावर तशीच होती. ते पाहून आत्यानं पाळण्यात चढताना चपला खाली काढून ठेवल्या. तिच्या पुढच्या बाईनंही काढल्या होत्या.

चुलत्यांकडे पास होता. गुलाबी जाड कागद, त्यावर जांभळा शिक्का आणि समितीतल्या कुणाची तरी सही. तो पास ते खिशात ठेवत नसत, हातात धरून चालत. मौत का कुआँच्या दारात दाखवला, फोटोवाल्याला दाखवला, फुटाणेवाल्यालाही दाखवला. फुटाणेवाल्यानं तो उलटसुलट पाहून परत दिला. पासावर ‘सर्व खेळ’ असं लिहिलं होतं आणि फेऱ्यांची मर्यादा कुठेही लिहिलेली नव्हती, हे त्यांनी आबांना दोनदा वाचून दाखवलं.

मुलामुलीला दोन शब्द बोलता यावेत म्हणून दोघांना एका पाळण्यात बसवायचं ठरलं. वर कुणी ऐकायला नसतं. पण दोघांनाच कसं बसवायचं, म्हणून सोबतीला मी. चुलते म्हणाले, समदेच आमच्या पासावर बसू द्या. इथं आबा अडले. आमच्यात सोयरीक पक्की होईपर्यंत मुलीकडच्यांनी मुलाकडचं काही घ्यायचं नसतं. चहा नाही, पान नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. घेतलं, की ते उत्तर झालं, होकाराचं. आबांनी आत्याची आणि माझी तिकिटं काढली. मुलगा पासावर बसला. एका पाळण्यात दोन तिकीटवाले आणि एक पासवाला… पाळणेवाल्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि दांडी लावली.

मुलाचं नाव मारोती. या नावाच्या माणसाला उंचीचं भय वाटावं, ही काही त्याची चूक नव्हती. समोरासमोर दोन फळ्या. एकीवर मी आणि आत्या, दुसरीवर तो. पाळणा सुटला आणि त्यानं दोन्ही हातांनी लोखंडी गज धरला. वर गेलो तसा वारा बदलला, भज्यांचा वास खाली राहिला आणि भोंग्यातली गाणी एकमेकांत मिसळून एक वेगळंच गाणं ऐकू येऊ लागलं. आत्या मला सेनगावचा रस्ता दाखवत होती, धुळीतून घरी निघालेलं एक खांड दाखवत होती — कुणाची मेंढरं असतील, याचा अंदाज करत होती. मारोतीनं डोळे घट्ट मिटले होते. बऱ्याच वेळानं त्यानं तसंच, डोळे मिटूनच विचारलं, “तुमाला भ्याव वाटत न्हाई?”

“मेंढरं राखते मी,” आत्या म्हणाली. “लांडग्याला भ्यायचं का पाळण्याला?”

त्यानं मान हलवली. एवढंच त्यांचं बोलणं. मी तिथंच होते, म्हणून खात्रीनं सांगते.

मग फेरे संपले. पाळणा खाली येऊन थांबला, पाळणेवाल्यानं दांडी काढली आणि सवयीच्या आवाजात म्हणाला, “टिकटवाले उतरो, पासवाले बैठे रहो.”

आबांनी मला उचलून खाली घेतलं. आत्यानं एक पाय बाहेरच्या फळीवर ठेवला. तिच्यामागे मारोतीही अर्धवट उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, उतरायला मिळतंय एवढंच त्याला दिसत होतं. तेवढ्यात चुलते गर्दीतून पुढे आले. पास वर धरलेला. आजूबाजूला चार ओळखीची माणसं उभी होती, आणि थोड्याच वेळापूर्वी त्यांनाही त्यांनी पासाचं महत्त्व सांगितलं होतं.

“बस खाली, मारोती. तू काहून उतरतो? पास हाय आपल्याकडं.”

मारोती बसला. गज पुन्हा दोन्ही हातांनी धरला. पाळणेवाला दांडी लावायला वाकला होता, मागून लोक घाई करत होते, आणि आत्याचा एक पाय आत, एक बाहेर… मग तिनं बाहेरचा पाय आत घेतला आणि ती त्याच्यासमोर बसली.

“शेवंते, उतर,” आबा म्हणाले.

“राहू द्या, भाऊ.”

पाळणेवाल्यानं तिचं तिकीट मागितलं. आबांचा हात खिशात गेला. पण चुलते आधी बोलले. ते मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ती आमच्या पासात हाय.”

पाळणा वर गेला. आई पदर तोंडाशी धरून उभी. आबा खिशातला हात बाहेर काढायला विसरले होते. चुलत्यांनी पास नीट घडी करून पहिल्यांदाच खिशात ठेवला आणि आबांना म्हणाले, “आता काय बोलायचं राहिलं, पाव्हणे? बराबर हाय ना?” आणि ते जिलेबी आणायला गेले.

त्या दुसऱ्या वेळेला ते किती फिरले, कोण जाणे. चुलते जिलेबीच्या दुकानाशी होते, आणि पासवाल्यांना उतरवायचं केव्हा, हे पाळणेवाल्याला कळेना. आम्ही सगळे माना वर करून पाहत होतो. पाळणा माथ्यावर गेला, की आत्याचा हिरवा पदर बाहेर फडफडायचा, आणि ती काही तरी बोलते आहे एवढं दिसायचं. हात हलवत बोलत होती. काय, ते मला माहीत नाही. तिथं मी नव्हते.

उतरल्यावर तिनं चपला शोधल्या, पायात सरकवल्या आणि वर पाहिलं, तर सगळ्यांच्या हातात जिलेबी.

“काय झालं?” तिनं आईला विचारलं.

“काही न्हाई. खा,” आई म्हणाली.

तिनं खाल्ली.

या ‘काय झालं’चा मी किती वर्षं विचार केला आहे. तिला खरंच कळलं नव्हतं? की कळूनच विचारलं? परतीच्या एसटीत आबा तिच्या शेजारी बसले होते, मी तिच्या मांडीवर. सेनगाव यायच्या आधी आबा हळू आवाजात म्हणाले, तुझ्या मनात नसल तर सांग, माफी मागून मोडतो मी, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. आत्या खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, “आता काहून मोडता?” आबांनी मान डोलावली. त्यांना ते उत्तर वाटलं. मला तेव्हाही तो प्रश्नच वाटला होता.

लग्न झालं. ढाब्याच्या मागे आत्यानं शेळ्या पाळल्या आणि सुधारलेल्या घरात पुन्हा लेंड्यांचा वास आला. चुलत्यांनी कुरकुर केली, मारोतीमामांनी केली नाही. सुट्टीत मी नाक्यावर राहायला जायचे. तव्यावरच्या रोट्या, ट्रकवाल्यांची हिंदी, रॉकेलच्या स्टोव्हचा भुरभुर आवाज, आणि मागच्या अंगणात मामा शेळीला पाला घालताना तिच्याशी बोलायचे, ते मला अजून ऐकू येतं. दर दसऱ्याला दोघं हिंगोलीला येत. भजी घेऊन पाळण्यापासून लांब बसत. पाळण्यात मात्र कधीच बसत नसत. मी एकदा मामांना विचारलं, की तुम्ही वर काय बोललात? ते हसून म्हणाले, “मी कुठं बोललो? तुझी आत्याच बोलत होती. समद्या मेंढरांची नावं सांगितली तिनं मला. ती बसली नसती तर मी आजून वरच असतो.”

आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, की होकार-बिकार काही दिला नव्हता कुणी. खालचे समदे पासाकडं पाहून राहिले होते, त्या लेकराकडं कुणी पाहत नव्हतं, म्हणून बसले. ‘लेकरू’ म्हणाली ती त्यांना. मग कढईत झारा फिरवत असताना स्वतःशीच म्हणाली, की हे न्हाई जुळलं तर बिजवर, हे मी तेव्हा विसरलेच होते बघ. आता यातलं उत्तर कुठलं आणि उत्तर नसलेलं कुठलं, हे मी शिकलेल्या लोकांनाही विचारून पाहिलं. ते हसतात आणि म्हणतात, प्रेमच ते. इतक्या लवकर सगळं समजणाऱ्या माणसांचं मला नेहमीच आश्चर्य वाटत आलं आहे.

मामा एका उन्हाळ्यात गेले. फार दिवस आजारी नव्हते. त्या वर्षी दसऱ्याला आत्या हिंगोलीला आली नाही. मी शहरातून गेले होते. मैदान तेच, पाळणा दुसरा, आधीपेक्षा उंच, दिवे रांगेनं विझणारे-पेटणारे. दिवे लागायच्या आधी मी त्यात बसले आणि उतरल्यावर तिला ढाब्यावर फोन लावला.

“आला का यंदा?” तिनं विचारलं.

“आला. मोठा आहे.”

“बसलीस?”

“हो.”

“सोबत कोन?”

कुणी नव्हतं, असं मी सांगितलं. पलीकडे ट्रक गेल्याचा आवाज आला, कुणी तरी चहा मागितला, तिनं त्याला काही सांगितलं. मला वाटलं, ती फोन ठेवायला विसरली.

“एकल्यानं बसू न्हाई बाई त्याच्यात,” मग ती म्हणाली. “पाळणा एका अंगाला कलतो.”