न आलेल्या मुलीची हजेरी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वाघोलीजवळच्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवत होते. भोवती इमारती उठत होत्या आणि आमच्या वर्गात बसायची ती त्या बांधणाऱ्यांची मुलं. काम संपलं की कुटुंब न सांगता दुसऱ्या साइटवर जायचं. पट घटला की एक शिक्षक अतिरिक्त ठरायचा आणि सगळ्यांत नवी मीच होते. घर विश्रांतवाडीला, मूल तान्हं. लांबच्या तालुक्यात बदली मला परवडणार नव्हती. म्हणून गेलेल्या मुलांचीही आम्ही हजेरी लावायचो. मुख्याध्यापक त्याला ‘सांभाळून घेणं’ म्हणायचे. फारच मायाळू शब्द.

मराठवाड्यातून आलेली तिसरीतली एक मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. जोडाक्षरांवर अडायची, पण हट्टाने पुन्हा वाचायची. तिला मी दीड वर्ष रोज हजर ठेवलं. परीक्षांचे गुणही दिले. गणितात जरा कमी दिले, खरं वाटावं म्हणून. या हुशारीची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते. अशी ती चौथी पास झाली.

त्याच जूनमध्ये तिची आई तिला घेऊन दारात उभी. नवऱ्याला जवळच वॉचमनची नोकरी लागली होती, आता कुठे जायचं नव्हतं. ती म्हणाली, “बाई, पोरीला तिसरीत बसवा. तिथनंच सुटलंय तिचं.”

मुख्याध्यापकांनी रजिस्टर उघडलं आणि शांतपणे सांगितलं, मुलगी चौथी उत्तीर्ण आहे, आपली शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला हायवेपलीकडे जावं लागेल. आईचा चेहरा उजळला. तिने रजिस्टरला हात लावून कपाळाला लावला. मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती.

“बाई, मी तर नव्हते ना?”

मी तिचा दाखला लिहायला घेतला. तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती. बहुधा गेलीच असती.

ती पाचवीत गेली. धडा वाचता येईना, मुलं हसायची. दिवाळीपर्यंत तिने शाळा सोडली आणि आईबरोबर विटा उचलायला लागली, असं तिच्या शेजारच्या मुलाने मला सांगितलं.

मी निवृत्त झाले, पेन्शन सुरू आहे. बसस्टॉपवर कुणी बाई पाटीकडे बोट करून ही गाडी कुठे जाते असं विचारते, तेव्हा उत्तर देण्याआधी मी तिचं वय मोजते.