तक्त्यात उरलेली एकच बौद्धवाडी

“अगं, तुमच्या बौद्धवाड्या सगळ्या सारख्याच. एक घेतली काय, दुसरी घेतली काय.”

सर चहा पिता पिता म्हणाले. ऑफिसात सगळे हसले. सरांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

रत्नागिरीतल्या एका संस्थेत मी कामाला होते. संगमेश्वरकडच्या गावांतल्या विहिरींची पाहणी चालू होती. कुठल्या वाडीला नळ द्यायचा, ते या पाहणीवरून ठरणार होतं. प्रत्येक गावाचं एक फोल्डर, त्यात त्या गावातल्या वाड्यांची फोल्डरं. सरांनी कॉम्प्युटरवर लिहिलेली स्क्रिप्ट ती सगळी उघडायची आणि आतली माहिती एका तक्त्यात भरायची. वाडीच्या नावाने, गाव न बघता. त्याच नावाची दुसरी वाडी आली की आधीची पुसली जायची.

मधलीवाडीही गावोगाव असते. तिथली चूक सरांना लगेच दिसली. तिथे त्यांनी गावाचं नाव जोडलं. बौद्धवाडीही गावोगाव असते, गावाच्या टोकाला. तिथे जोडलं नाही.

तक्त्यात एकच बौद्धवाडी उरली. शेवटच्या गावाची. पाणी बारमाही, स्वच्छ.

आमच्या बौद्धवाडीतल्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी पिवळं. पाहणीच्या वेळी मीच आईला बावीपाशी उभं करून विचारलं होतं, फोनवर रेकॉर्ड केलं होतं. “वरच्या गोठ्यांचा सगला हितं उतरतो, बाय. लिव. नीट लिव.” मी नीट लिहिलं. पुढे ती काविळीने गेली. शेवटपर्यंत तेच पाणी पीत होती.

मी सरांना म्हटलं, “पुसलेल्यात माझी आई आहे.”

“आई गेली त्याचं वाईट वाटतं गं. पण रिपोर्ट आज जायचाय. तू पाठवून टाक.”

शाळेपासून मी गप्प बसत आले. मुलगी हुशार आहे आणि शांत आहे, असं गुरुजी कौतुकाने सांगायचे. ते कौतुक कशाचं होतं, ते त्या दिवशी कळलं.

“मी पाठवणार नाही.”

“मग घरी बस.”

शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “द्या सर, मी पाठवतो.” रिपोर्ट गेला. माझ्यावाचून काही अडलं नाही.

पाइपलाइन आमच्या गावात मधलीवाडीपर्यंत आली. तिथेच संपली.

पाहणीची आणि स्क्रिप्टची प्रत माझ्याकडे होती. घरी बसून मी स्क्रिप्ट दुरुस्त केली. दुरुस्ती एका ओळीची. आता प्रत्येक बौद्धवाडी आपापल्या गावाच्या नावासकट तक्त्यात येते. तो तक्ता कोणी बघितलेला नाही. बघतील असं वाटतही नाही.

उद्या ग्रामसभा आहे. आमच्या बावीचा विषय तिथे नाही. मी उभी राहून फोनवर आईचा आवाज लावणार आहे. सरपंच म्हणतील, खाली बस. बसणार नाही. मधेच बंद करायला लावलं, तर पहिल्यापासून लावीन.